दोनशे चौदा नंबरची गरम पानं

संस्थेत तिला सगळे काकू म्हणत. संशोधन करायला आलेली मुलंमुली म्हणत, दारावरचा रखवालदार म्हणे, आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला इलेक्ट्रिशियनसुद्धा न लाजता म्हणे. ग्रीनहाऊस आणि त्याला लागून असलेल्या दोन दिव्यांच्या खोल्या तिच्या ताब्यात होत्या. कुठल्या फळीवर कुणाची रोपं आहेत, कुठला पंखा कुरकुरतो, कुठला नळ बंद करताना अर्धा वेढा जास्त द्यावा लागतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

ती इथे आली चौतिसाव्या वर्षी. त्याआधी सोळा वर्षं तिने एका लाँड्रीत इस्त्री केली होती. इस्त्री गालापासून चार बोटांवर धरायची आणि ठरवायचं, ही आता रेशमाला चालेल की अजून सुतीच्याच कामाची आहे. सोळा वर्षांत तिच्या हातून दोन कपडे जळाले. ते कुणाचे होते आणि कुठल्या रंगाचे होते, हे ती अजूनही सांगते. लाँड्री बंद पडली तेव्हा कुणीतरी संस्थेतल्या जागेबद्दल सांगितलं. मुलाखतीत विचारलं, झाडांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? ती म्हणाली, काही नाही, पण एकदा दाखवलेलं मी विसरत नाही. या उत्तरामुळे तिला घेतलं की दुसरं कुणी आलंच नव्हतं म्हणून घेतलं, ते तिला कधी कळलं नाही.

घरी तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. नवरा पुस्तकबांधणीचं काम करायचा. त्याच्या बोटांना कायम खळीचा वास असे, आणि घरात कुठलीही वही सुटी पानं घेऊन फार दिवस राहू शकत नसे. वन्सं गणिताच्या शिक्षिका होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, शिकवण्यातून नाही. भाजी निवडतानाही त्या समोरच्याला विचारत की या जुडीतला किती हिस्सा वाया गेला.

ही हकिकत घडली तेव्हा काकू बावन्न वर्षांची होती.

त्या वर्षी संस्थेत एक मोठं काम सुरू झालं होतं. त्यासाठी जे रोप वापरत ते मोहरीच्या कुळातलं एक बारीकसं तण. पानं मातीलगत चपटी पसरलेली, अख्खं रोप बाटलीच्या झाकणाएवढं. ना खायच्या कामाचं ना शोभेच्या. पण ते झटपट वाढतं, थोडक्या जागेत मावतं, म्हणून शास्त्रज्ञांचं लाडकं. या तणाच्या बियांवर औषध टाकून त्यांच्या जनुकांत कुठे कुठे फरक घडवून आणला होता. अशा बियांची सहाशे पाकिटं आली. दर पाकिटातल्या बियांत काहीतरी वेगळं बिघडलेलं, पण काय बिघडलंय ते कुणालाच ठाऊक नाही. पाणी तोडल्यावर कुठल्या पाकिटातली रोपं वेगळी वागतात ते पाहायचं, आणि त्यावरून दुष्काळात रोपाला सावरणारी जनुकं शोधून काढायची, असा बेत होता.

काम एका तिशीतल्या संशोधक बाईंकडे होतं. काकू त्यांना मॅडम म्हणे. मॅडमचा एक गुण काकूला फार आवडे. कुठलंही काम सांगताना त्या ते कशासाठी आहे तेही सांगत. काम सुरू झालं त्या दिवशी दोघी उपड्या क्रेटवर बसल्या होत्या आणि मॅडमनी लेबलाच्या काडीने ओल्या मातीत पान काढून दाखवलं.

मुळांजवळचं पाणी आटायला लागलं, की रोपाच्या अंगात एक हॉर्मोन वाढतं. ते पानांपर्यंत पोचतं. पानांवर डोळ्याला न दिसणारी हजारो तोंडं असतात. त्यांतून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. हॉर्मोन पोचलं की ही तोंडं मिटतात आणि पाणी वाचतं. पण नुसतं हॉर्मोन आलं म्हणून तोंडं आपोआप मिटत नाहीत, मॅडम म्हणाल्या. मध्ये जनुकांनी नेमलेली माणसं असतात असं समजा. एक निरोप घेणारा. एक ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. निरोप घेणाऱ्याने त्याचा पाय उचलायला लावला, की मग तिसरा उठतो आणि तोंडं मिटवतो. यातला कोण बिघडला की रोपाचं काय होतं, ते आपण बघणार.

काकूने जरा विचार केला आणि विचारलं, वाफ निघून जाते म्हणजे पान गार राहत असेल, वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखं? मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच. आणि तोंडं मिटली की पान तापतं. फार नाही, एखाद-दीड अंश.

काम रोजचंच होतं. एकेक कुंडी वजनकाट्यावर ठेवायची, ठरलेल्या वजनापर्यंत पाणी घालायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढची उचलायची. पाणी तोडायची तारीख अजून दहा दिवस लांब होती, सगळी रोपं पोटभर प्यायलेली होती. दोनशे चौदा नंबरचा ट्रे उचलताना काकूच्या मनगटाची आतली बाजू पानांना लागली आणि ती थांबली. पानं कोमट होती. तिने शेजारच्या दोनशे तेराला मनगट लावलं, ते गार. दोनशे पंधरा, गार. पुन्हा दोनशे चौदा. आठ कुंड्यांतल्या सहा कोमट, दोन गार.

तिला आधी वाटलं, वरचा दिवा जवळ आला असेल. तिने ट्रे फळीच्या मधोमध हलवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने तो पार खालच्या फळीवर नेला. तिथेही तेच, त्याच सहा गरम आणि त्याच दोन गार. तिने आपल्या वहीत तारीख घालून लिहिलं: दोनशे चौदा. पाणी भरपूर, तरी पानं गरम. तिसरी आणि सातवी कुंडी सोडून.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या सहाशे पाकिटांच्या लेबलांत गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः बोट लावून पाहिलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मला काही कळत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा असता तर लगेच समजलं असतं. पण संस्थेचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला आणि दुसऱ्या संस्थेचा मिळायला चार महिने होते. तेवढ्यात विभागप्रमुख सरांनी काढून टाकायच्या पाकिटांची यादी केली. जागा कमी होती, सगळं सांभाळणं शक्य नव्हतं. खुरटलेली रोपं आधी जाणार होती, आणि दोनशे चौदा खुरटलेलं होतं. शुक्रवारी ती रोपं आणि उरलेलं बी वाफेच्या मोठ्या यंत्रात जाणार, म्हणजे कायमचं संपणार.

बुधवारी काकू सरांच्या खोलीत गेली. अठरा वर्षांत ती त्या खोलीत फार तर सहा वेळा गेली असेल, त्यातही दोनदा खिडकीतल्या झाडाला पाणी घालायला.

सर वाईट माणूस नव्हते. सगळ्यांना अहो-जाहो करत आणि कुणाचं बोलणं मध्येच तोडत नसत. त्यांनी काकूचं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "काकू, हाताला गरम लागलं, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

सर पुढे समजुतीच्या सुरात बोलले. रोपांना वारंवार हात लावणंही बरं नव्हे. वारा, घासणं, हाताळणं, हे सगळं रोपाला ताणच वाटतं. त्याचीही हॉर्मोन्स असतात आणि त्यानेही रोप खुरटतं. कदाचित ती रोपं तुमच्याच हातामुळे खुरटली असतील.

हे मात्र तिला लागलं. अठरा वर्षं जी रोपं आपण तळहातावर जपली ती आपल्याच हातामुळे खुरटली असं कुणी म्हणावं, हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर डोळे पुसत बाहेर पडली असती. काकू उभी राहिली ती उभीच राहिली.

"मग रकान्यात बसेल असं काय करू, ते सांगा," ती म्हणाली.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी अट घातली. वीस कुंड्या साध्या बियांच्या, वीस दोनशे चौदाच्या. सगळ्यांना सारखं पाणी. लेबलं झाकलेली, कुंड्या मिसळलेल्या. आकारावरून ओळखता येऊ नये म्हणून काकूच्या डोळ्यांवर पट्टी. तिने एकेक कुंडी गरम की गार ते सांगायचं. अंदाजाने बोलूनही वीस बरोबर येतीलच, तेव्हा छत्तीस आल्या तर दोनशे चौदा राहील. नाही आल्या तर यादी आहे तशी. रोपं वाढायला पाच आठवडे लागणार होते, तोवर बी फ्रिजमध्ये सुरक्षित.

काकूने आपली एक अट घातली. या पाच आठवड्यांत त्या चाळीस कुंड्यांना मी बोटही लावणार नाही, पाणी मॅडम घालतील. सर म्हणाले, ठीक आहे.

घरी तिने वन्संना सांगितलं. वन्संनी सगळं नीट ऐकून एकच प्रश्न विचारला, "आणि तुझा हात खरंच ओळखतो, हे तुला कसं माहीत?"

नवरा म्हणाला, "ताई, तू तरी तिच्या बाजूने बोल."

"बाजूनेच बोलतेय," वन्सं म्हणाल्या. "परीक्षेआधी सराव नको?"

संस्थेचं बी घरी आणायचं नाही हा नियम होता आणि काकू नियमाला पक्की. म्हणून घेवड्याच्या बिया पेरल्या, वीस प्लॅस्टिकच्या पेल्यांत, मागच्या सज्ज्यावर. रोपांना चार-चार पानं आल्यावर वन्संनी दहा पेल्यांचं पाणी तोडलं. पानं कोमेजण्याआधीच परीक्षा घ्यायची, म्हणजे पान लुळं लागलं म्हणून ओळखलं असं नको. काकूच्या डोळ्यांवर नवऱ्याचा मफलर बांधला. वन्सं जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर रकाने आखून बसल्या.

पहिल्या दिवशी विसांतले अकरा आले.

"नापास," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज तोच होता, वर्गातला.

त्या दिवशी काकूला जेवण गेलं नाही. इतके दिवस जे ठामपणे सांगत आलो ते नुसतं आपल्या मनाचं होतं की काय, अशी शंका पहिल्यांदा आली. पण सकाळी तिने वन्संचा हजेरीपट मागून घेतला आणि चुकलेले नऊ पेले सज्ज्यावर कुठे होते ते पाहिलं. त्यांतले सहा कठड्याच्या बाजूचे, जिथे ऊन पडत होतं. पान उन्हाने तापलं होतं, तहानेने नाही. दुसऱ्या दिवसापासून पेले आत, भिंतीशी. तेरा आले. मग लक्षात आलं की भांडी घासून आल्यावर हात ओला असतो, ओल्या हाताला सगळंच गार. हात कोरडा करून, पाच मिनिटं थांबून, पंधरा. पान जास्त वेळ धरून ठेवलं की ते आपल्याच अंगच्या उबेने तापतं, म्हणून लावायचं आणि लगेच काढायचं. आणि नुसतं पान हाताला लावून गरम-गार ठरवता येत नाही, शेजारी एक साधं, पाणी प्यायलेलं रोप तुलनेला हवं. आधी ते, मग हे.

तरी सोळाच्या वर आकडा जाईना. एका संध्याकाळी वैतागून तिने पेला तोंडाजवळ नेला आणि पान वरच्या ओठाला लावलं. मनगटाला जो फरक चाचपडावा लागत होता तो ओठाला स्वच्छ कळला. त्या दिवशी अठरा आले.

"आता झाडांचे मुके घ्यायला लागलीस," नवरा म्हणाला. "आणि मी तापाने फणफणलो असताना नुसतं कपाळाला हात लावून म्हणायचीस, काही नाही, उठा."

वन्संनी त्याला चूप केलं आणि काकूला एक गोष्ट सांगितली, जी त्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. चुका किती झाल्या ते सगळेच मोजतात. त्या कुठल्या बाजूला झाल्या ते बघ. गारला गरम म्हणालीस की गरमला गार? दोन्हीकडे सारख्या असतील तर हात चुकतोय. एकाच बाजूला असतील तर कारण दुसरं आहे, ते शोध. पुढचे दोन आठवडे काकूने रोज संध्याकाळी सराव केला; तहानलेले पेले कोमेजायला आले की वन्सं त्यांना पाणी देऊन दुसऱ्या दहांचं तोडत. चहा प्यायल्यावर अर्धा तास ओठ भरवशाचा राहत नाही हेही तिला याच काळात कळलं, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळचा चहा सोडायचा हे तिने मनाशी ठरवून टाकलं. शेवटच्या पाच दिवसांचे आकडे होते अठरा, एकोणीस, अठरा, वीस, एकोणीस.

परीक्षा दिव्यांच्या खोलीत झाली, दिवे लागून दोन तास झाल्यावर. सर उत्तरांचा कागद घेऊन स्टुलावर बसले. मॅडम एकेक कुंडी उचलून काकूसमोर धरत होत्या. काकूच्या मागणीवरून पंखे बंद केले होते आणि डाव्या हाताला एक साधी कुंडी तुलनेला ठेवली होती. दर कुंडीच्या वेळी तिचा तोच क्रम: आधी डावीकडची, मग समोरची, मग एक शब्द. गार. गरम. गरम. गार. दर पाच कुंड्यांनंतर ती कोरड्या फडक्याने ओठ टिपे आणि थोडं थांबे. मॅडमचे हात अवघडले, सरांनी एकदा घड्याळ पाहिलं, पण काकूने घाई केली नाही. सव्वा तास लागला.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून खुणा केल्या. पुन्हा एकदा मोजलं.

"चौतीस," ते म्हणाले. "काकू, खरं सांगतो, मला एवढी अपेक्षा नव्हती. पण आपलं छत्तीस ठरलं होतं."

मॅडम काही बोलायला गेल्या, पण काकूने पट्टी सोडली आणि हात पुढे केला. "कागद बघू," ती म्हणाली.

तिने चुकलेल्या सहा ओळी बोटाने शोधल्या. सहाही कुंड्या दोनशे चौदाच्या होत्या आणि सहाही तिने गार म्हटल्या होत्या. साध्या विसांतली एकही तिने गरम म्हटली नव्हती.

"सर, माझा ओठ चुकला असता तर दोन्हीकडे चुकला असता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मागे हटणं नव्हतं. "ही सहा रोपं गारच आहेत. पाहिजे तर परत बांधा पट्टी, परत सांगते. पाकीट एक असेल, पण त्यात बी दोन तऱ्हेचं आहे."

सर म्हणाले की पाकीट एकाच रोपाच्या बियांचं आहे. काकू म्हणाली, ते मला कळत नाही, पण पहिल्या ट्रेमध्येसुद्धा आठांतल्या दोन गार होत्या. माझ्या वहीत तारखेसकट आहे.

तिने वही आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. सरांनी ते पान वाचलं. मग त्यांनी उत्तरांच्या कागदावर, समासात, दोन जोड्या लिहिल्या. चौदा आणि सहा. सहा आणि दोन. चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवायचं काही वेळ विसरलेच.

"चारांत तीन," ते अखेर म्हणाले, ते काकूला नाही, स्वतःलाच. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "दोनशे चौदा यादीतून काढा."

काकूला त्यांनी त्याच स्टुलावर बसून समजावलं. रोपाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. इथे तर आई आणि बाप एकच रोप. त्याची एक प्रत बदललेली आणि एक चांगली असेल, आणि बदललेली प्रत जोरकस असेल, तर साधारण चार पोरांतल्या तिघांत तो फरक दिसतो, एकात दिसत नाही. तिच्या सहा चुका म्हणजे ती चौथी पोरं होती. "हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं," सर म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाने हे मॅडमच्या देखत म्हणावं, याचं काकूला पुढे किती दिवस अप्रूप वाटत राहिलं.

यानंतर गोष्टी झटपट झाल्या असं मात्र नाही. दोनशे चौदाच्या त्या विसांतल्या प्रत्येक रोपाचं बी वेगवेगळ्या कागदी पुडीत गोळा केलं. ते पेरलं. गार रोपांची सगळी पिल्लावळ गार निघाली. गरम रोपांतल्या पाचांची सगळी गरम निघाली, बाकीच्यांची पुन्हा मिसळीची. सर म्हणाले होते तसंच. कॅमेरा आला तेव्हा त्याच्या पडद्यावर साधी रोपं निळी दिसत होती आणि दोनशे चौदाची पिवळी, पाण्याने भरलेल्या मातीत बसूनसुद्धा. मॅडमनी काकूला हाताला धरून पडद्यासमोर आणलं. काकूने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, दुसऱ्या ओळीतली शेवटची निळी का? ती साध्या रोपांतलीच होती, चुकून तिथे ठेवलेली.

जनुकांच्या लांबलचक मजकुरातलं नेमकं कुठलं अक्षर बदललंय ते सापडायला दीड वर्ष लागलं. निरोप घेणारा जो होता, त्याच्याच जनुकात ते होतं. हॉर्मोन अंगाला चिकटल्याशिवाय त्याने जागचं हलू नये, असा त्याचा मूळ बांधा. दोनशे चौदामध्ये तो बांधा एका जागी वाकला होता. त्यामुळे हॉर्मोन जेमतेम असतानाही तो ब्रेकवाल्याचा पाय उचलत होता, आणि पानांची तोंडं अर्धीमुर्धी मिटलेली राहत होती. म्हणून पानं गरम, आणि हवा पुरेशी आत जात नसल्यामुळे रोप खुरटं.

मग पाणी तोडून पाहिलं. ते काम सरांनी काकूवरच सोपवलं. रोज चाळीस कुंड्यांचं वजन: वीस साध्या, आणि वीस दोनशे चौदाच्या सगळी गरम निघालेल्या पुड्यांतल्या. साध्या रोपांच्या मातीचं वजन भराभर उतरत होतं, दोनशे चौदाचं सावकाश. चौदाव्या दिवशी साध्या रोपांनी माना टाकल्या. दोनशे चौदाची रोपं तेव्हाही ताठ होती. बाविसाव्या दिवशी सगळ्यांना पाणी दिलं. साध्या विसांतलं एकही उठलं नाही. दोनशे चौदातली सतरा उठली.

मॅडमना आनंद आवरेना. सर म्हणाले, जरा थांबा. पाऊसपाणी ठीक असलेल्या वर्षी हे रोप अर्धंच वाढेल, असं पीक कोण लावेल? खरी मेहनत पुढेच आहे. हा बदललेला निरोप्या फक्त पाणी आटल्यावरच जागा होईल, अशी व्यवस्था करता येते का ते बघायचं. मॅडमनी तेच काम पुढे घेतलं. ते अजून चालू आहे, आणि होईलच असं त्या कधी छातीठोकपणे सांगत नाहीत.

या शोधाचा निबंध लिहून झाला तेव्हा त्याच्या अखेरीस, आभारांच्या ओळीत, रोपांची निगा राखल्याबद्दल काकूचा उल्लेख होता. मॅडमनी तो मसुदा तिला दाखवला तो खाली मान घालून. मी सरांशी बोलते, त्या म्हणाल्या. काकू म्हणाली, नको, मी बोलते.

ती सरळ सरांच्या खोलीत गेली. तिने सांगितलं की निगा मी सगळ्याच रोपांची राखते, त्याबद्दल आभार नकोत. हे मी शोधलं आहे. माझं नाव शोधणाऱ्यांत पाहिजे. सरांनी अडचण सांगितली, टाळायला नाही, खरोखरची. लेखकांत नाव असलेल्या माणसाला कामाबद्दल कुणीही प्रश्न विचारला तर उत्तर देता आलं पाहिजे.

"विचारा," काकू म्हणाली.

सरांनी विचारलं. डोळ्यांवर पट्टी का? तुलनेला वेगळी कुंडी का? पंखे बंद का? चुकलेल्या सहांवरून काय कळलं? साध्या विसांतली एकही गरम निघाली नाही याला एवढं महत्त्व का? ती एकेक उत्तर देत गेली, लाँड्रीत कपडे घड्या घालून देत असे तशी, एकावर एक. पाचव्या उत्तरानंतर सरांनी मसुदा ओढून घेतला आणि पेनाने तिचं नाव वर नेलं. ते चौथं लागलं.

छापलेला निबंध घरी आला तेव्हा नवऱ्याने त्याला निळं कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलं. सात पानांच्या निबंधाला एवढा जाड पुठ्ठा शोभतो का, असं वन्संनी विचारलं. तो म्हणाला, टिकायला हवं. वन्संनी शब्दकोश शेजारी घेऊन तीन दिवसांत सातही पानं वाचली. एका तक्त्यातली बेरीज शंभर न होता नव्व्याण्णव पूर्णांक नऊ होते हे त्यांना सापडलं, आणि ते दशांश कापल्यामुळे झालंय हे मॅडमकडून लेखी खुलासा आल्यावरच त्यांनी मान्य केलं.

दोनशे चौदाचं बी आता बऱ्याच ठिकाणी गेलं आहे. गेल्या वर्षी एका दूरच्या प्रयोगशाळेने कळवलं की आमच्याकडे ही रोपं गरम होत नाहीत, कॅमेऱ्यात सगळी सारखीच दिसतात, तुमचा निष्कर्ष तपासून पाहावा. मॅडम अस्वस्थ झाल्या. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि ते उठून ग्रीनहाऊसमध्ये आले. काकू तेव्हा उष्णतेच्या नव्या प्रयोगाच्या कुंड्या वजनकाट्यावर ठेवत होती. तिने पत्र ऐकलं आणि चार प्रश्न सांगितले, ते मॅडमनी लिहून घेतले. दिवे रोपांपासून किती उंचावर आहेत? कॅमेरा लावण्याआधी किती वेळ दिवे चालू असतात? खोलीत पंखे आहेत का, आणि ट्रे त्यांच्यापासून किती लांब? माती वरून ओली असते की आतून?

दहा दिवसांनी उत्तर आलं. त्यांचे ट्रे पंख्याच्या थेट झोतात होते. पान कितीही तापू पाहिलं तरी वारा ते गार करत होता. त्यांनी ट्रे हलवले, तीन दिवस थांबले, आणि पिवळ्या-निळ्या रोपांचं छायाचित्र पत्रासोबत पाठवलं. खाली काकूच्या नावाने आभार मानून त्यांनी विचारलं होतं की मिठाच्या पाण्यावर वाढवताना कुंडीचं वजन कसं धरायचं.

काकूने छायाचित्र पाहिलं, ते वहीत ठेवलं, आणि मॅडमना म्हणाली की मिठाचं मला अजून नक्की सांगता येणार नाही. दोन आठवडे द्या आणि मधल्या फळीवरची अर्धी जागा. मॅडमनी जागा मोकळी करून दिली. त्याच दुपारी तिने बारा कुंड्या भरल्या, एकेक वजन केली, लेबलं लावली आणि पहिला आकडा लिहिला.